कर्करोगानंतरचा भौतिकोपचार : सेक्टर २२ पासून जिल्हा रुग्णालयांपर्यंतचा प्रश्न

चंडीगड : केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांच्या आत कर्करोग डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा केली. त्यांपैकी २०० केंद्रे पहिल्याच वर्षी उभी करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीसाठी महानगर गाठावे लागणाऱ्या रुग्णांच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र केमोथेरपी संपल्यानंतर ज्या बाईचा हात केस विंचरण्याइतकाही वर जात नाही, ज्या पुरुषाचे तोंड दोन बोटे मावतील इतकेही उघडत नाही, ज्याला तळपायांच्या बधिरतेमुळे जिना उतरताना कठड्याचा आधार सोडवत नाही, त्यांनी कोठे जायचे, याचे उत्तर त्या घोषणेत नव्हते. कर्करोगाच्या भारतीय उपचारव्यवस्थेतील ही जुनी त्रुटी आहे आणि नव्या केंद्रांची मांडणी ठरत असताना ती तशीच पुढे जाण्याची शक्यता आहे.

या प्रश्नाचे स्वरूप समजून घेण्यासाठी चंडीगड हे सोयीचे शहर ठरते. उत्तर भारतातील कर्करोग उपचारांचा मोठा भार हे शहर वाहते. सेक्टर १२ मधील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजेच ‘पीजीआय’, १९६२ पासून कार्यरत असून पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर आणि उत्तराखंड येथील रुग्ण तेथे येतात. सेक्टर ३२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शहराला लागून असलेल्या मुल्लांपूर येथे टाटा मेमोरियल सेंटरने उभारलेल्या ३०० खाटांच्या होमी भाभा कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते २४ ऑगस्ट २०२२ रोजी झाले. त्यापूर्वी याच केंद्राचे एक रुग्णालय संगरूर येथे सुरू झाले होते. कधीकाळी भटिंड्याहून बिकानेरला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीला माळव्यातील लोकांनी ‘कर्करोग गाडी’ असे नाव दिले होते. पंजाबातील रुग्णाला आता शस्त्रक्रिया आणि किरणोपचार राज्यात किंवा राज्याच्या सीमेवर मिळू लागले आहेत, हा गेल्या दशकातील बदल लहान नाही.

आता याच शहरातील सेक्टर २२ पाहावे. चंडीगडच्या उभारणीत सर्वप्रथम वसलेल्या भागांपैकी हा एक. ब्रिटिश वास्तुविशारद जेन ड्रू यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी त्याच्या आखणीत प्रमुख भाग घेतला होता. ली कॉर्बुझिए यांच्या आराखड्यात सेक्टर म्हणजे साधारण ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब अशी वस्ती. शाळा, बाजार, दवाखाना हे सारे रहिवाशाला पायी गाठता यावे, मुख्य रस्ता ओलांडावा लागू नये, हे त्यामागील सूत्र होते. सेक्टर २२ मध्ये शास्त्री मार्केट आहे, किरण सिनेमा आहे आणि शासकीय नागरी रुग्णालयही आहे. हे रुग्णालय पीजीआयपासून काही किलोमीटरवरच असले, तरी व्यवस्थेच्या उतरंडीत दोहोंमध्ये मोठे अंतर आहे. गाठ पीजीआयमध्ये काढली जाते आणि रुग्ण घरी परततो तो अशाच कोणत्या तरी सेक्टरमध्ये, किंवा त्याहून दूर मानसा, हिस्सार अथवा मंडी जिल्ह्यातील गावात. शस्त्रक्रियेसाठी माणूस एकदा तीनशे किलोमीटर प्रवास करू शकतो. आठवड्यातून तीनदा खांद्याच्या व्यायामासाठी तो तसा प्रवास करणार नाही. भौतिकोपचार ही मुळातच घराजवळची सेवा आहे आणि कर्करोगाची भारतीय व्यवस्था मात्र मोठ्या रुग्णालयांभोवती बांधली गेली आहे. प्रश्नाचा गाभा येथे आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना हे चित्र परळवरून ओळखीचे वाटेल. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून तेथे उभे आहे. विदर्भ-मराठवाड्यापासून बिहारपर्यंतचे रुग्ण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, नातेवाइकांच्या खोल्यांत किंवा पदपथावर महिनोन्महिने राहून उपचार पूर्ण करतात आणि गावी परततात. योगायोग असा, की भारतात भौतिकोपचाराच्या शिक्षणाचा पायाही याच परळमध्ये, टाटा रुग्णालयाच्या शेजारच्या केईएम रुग्णालयात घातला गेला. १९५० च्या दशकाच्या आरंभी, मुंबईतील पोलिओच्या साथीनंतर, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने हे शिक्षण तेथे सुरू झाले. पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांसाठी जन्मलेली ही विद्या पुढे गुडघे, मणके आणि पक्षाघात यांच्यापर्यंत पोहोचली. रस्त्यापलीकडच्या कर्करोगापर्यंत ती पुरेशी पोहोचली नाही. मोठ्या कर्करोग केंद्रांमध्ये भौतिकोपचार विभाग आहेत. त्या केंद्रांच्या दाराबाहेर पडल्यावर मात्र साखळी तुटते.

आकडे या प्रश्नाची व्याप्ती सांगतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या वर्षी कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक मृत्यू झाले. हे आकडे बातम्यांत नेहमी येतात. त्याच अंदाजातील तिसरा आकडा क्वचितच छापला जातो : मागील पाच वर्षांत निदान होऊन हयात असलेले सुमारे ३२ लाख लोक. स्तनाच्या कर्करोगाचे नवे रुग्ण १ लाख ९२ हजार, तर ओठ व मुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार होते. या दोन्ही आजारांत शस्त्रक्रिया आणि किरणोपचार शरीराच्या हालचालीवर थेट घाला घालतात. म्हणूनच भारतात भौतिकोपचाराची गरज पाश्चात्त्य देशांहून कमी नाही, उलट मुखाच्या कर्करोगामुळे ती काही बाबतींत अधिक आहे.

स्तनाच्या कर्करोगात काखेतील लसिका ग्रंथी काढल्या जातात. त्यामुळे हातातील द्रवाचा निचरा मंदावतो आणि हात सुजू लागतो. या सुजेला वैद्यकात लिम्फेडेमा म्हणतात. विविध देशांतील अभ्यासांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एकत्रित आढावा असे दर्शवतो, की काखेतील ग्रंथी समूळ काढलेल्या स्त्रियांपैकी सुमारे पाचांतील एकीला ही सूज येते. केवळ पहारेकरी ग्रंथी तपासून थांबलेल्या शस्त्रक्रियेत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आत राहते. भारतात आजार उशिरा लक्षात येण्याचे प्रमाण मोठे असल्याने काख समूळ साफ करण्याची वेळ अधिक जणींवर येते. सूज बहुधा उपचारानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसू लागते, म्हणजे रुग्णालयाच्या फेऱ्या विरळ झालेल्या काळात. आरंभी बांगड्या घट्ट होतात, ब्लाउजची एक बाही दाटते. या टप्प्यावर त्वचेची निगा, विशिष्ट हलका मसाज, दाब देणाऱ्या पट्ट्या आणि व्यायाम या चतुःसूत्रीने ती बरीचशी आटोक्यात राहते. दुर्लक्ष झाल्यास त्वचा जाड व कठीण होते, वारंवार जंतुसंसर्ग होतो आणि मग हात पूर्ववत होणे अवघड बनते.

येथे एका सल्ल्याचा उल्लेख आवश्यक आहे. ‘या हाताने जड काही उचलू नका’ असे शस्त्रक्रियेनंतर स्त्रियांना पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले. हेतू चांगला होता. पण पंजाबातील चारा कापणारी, धारा काढणारी स्त्री असो वा सोलापूर जिल्ह्यात भाकऱ्या थापणारी, पाण्याच्या कळशा वाहणारी, तिच्यासाठी हा सल्ला पाळणे म्हणजे घरातील आणि शेतातील आपली जागा सोडणे होय. आणि न पाळणे म्हणजे सतत धास्तीत जगणे. अमेरिकी संशोधक कॅथरिन श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही समजूत तपासून पाहिली. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत हाताला सूज असलेल्या १४१ स्त्रिया सहभागी होत्या. त्यांपैकी एका गटाला देखरेखीखाली, दाब देणारी बाही घालून, हळूहळू वजन वाढवत उचलण्याचा सराव देण्यात आला. सूज वाढलेल्या स्त्रियांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे, ११ आणि १२ टक्के राहिले. सूज अचानक बळावण्याचे प्रकार मात्र सराव करणाऱ्या गटात १४ टक्के, तर न करणाऱ्या गटात २९ टक्के आढळले. या निष्कर्षाला दीड दशक उलटून गेले आहे. तरीही जुना सल्ला अनेक ठिकाणी कायम आहे, कारण त्याच्या जागी ‘किती, कसे आणि केव्हा उचलायचे’ हे शिकवणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध नाही. ‘उचलू नका’ हे सांगायला अर्धे मिनिट पुरते.

मुखाच्या कर्करोगाची कथा याहून कठीण आहे, आणि तंबाखू-गुटख्याच्या विळख्यातील महाराष्ट्राला ती जवळची आहे. जबड्यावरील शस्त्रक्रिया व किरणोपचार यांमुळे चघळण्याचे स्नायू आखडतात आणि तोंड उघडणे कमी होत जाते. वरच्या आणि खालच्या दातांतील अंतर ३५ मिलिमीटरपेक्षा कमी झाले, तर त्याला जबडा जखडणे मानले जाते. अनेक भारतीय रुग्णांत तंबाखू-सुपारीमुळे ते अंतर आजारापूर्वीच घटलेले असते. अशा माणसाला भाकरीचा घास घेता येत नाही, दात घासता येत नाहीत, आणि आजार पुन्हा उद्भवला तर तोंडात डोकावून पाहणेही डॉक्टरांना अवघड जाते. मानेतील ग्रंथी काढताना खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस दुखावल्यास खांदा खाली ओघळतो. हमाली, गवंडीकाम किंवा वाहन चालवणे ज्याच्या पोटाचे साधन आहे, त्याचा रोजगार तेथेच थांबतो. जबड्याच्या व्यायामासाठी महागडी साधने आहेत. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरणे आणि दर काही दिवसांनी एक काडी वाढवणे, हा उपायही जगभर वापरला जातो. त्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे. अट एवढीच, की तो किरणोपचार चालू असतानाच सुरू व्हावा आणि कोणीतरी महिनोन्महिने त्याचा पाठपुरावा करावा.

केमोथेरपीतील काही औषधांमुळे हातापायांच्या नसांना इजा होऊन येणारी बधिरता, महिनोन्महिने न हटणारा थकवा, प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लघवीवरील ताबा सुटणे, या तक्रारीही भौतिकोपचाराच्या कक्षेत येतात. थकव्याबाबत तर समाजाची समजूत आणि शास्त्र यांच्यात सरळ विरोध आहे. घरातील मंडळी प्रेमापोटी रुग्णाला अंथरुणावरून उठू देत नाहीत. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी किमान ३० मिनिटांचा मध्यम श्रमाचा व्यायाम थकवा, चिंता व नैराश्य कमी करतो; त्याला आठवड्यातून दोनदा स्नायूंच्या बळकटीच्या व्यायामाची जोड द्यावी, असेही त्यात म्हटले आहे. ऑस्ट्रेलियातील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्येच व्यायाम हा प्रत्येक रुग्णाच्या उपचाराचा नियमित भाग असावा, अशी भूमिका घेतली होती.

जून २०२५ मध्ये या चर्चेला वेगळे वळण मिळाले. तोवर व्यायामाने जगणे सुसह्य होते, इतपत दावा केला जात असे. कॅनडातील क्वीन्स विद्यापीठाचे ख्रिस्तोफर बूथ आणि सहकाऱ्यांनी शिकागो येथील परिषदेत मांडलेल्या व त्याच वेळी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलेल्या चाचणीने आयुर्मानाबद्दलच पुरावा समोर ठेवला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पूर्ण झालेले ८८९ रुग्ण त्यात होते. एका गटाला तीन वर्षे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आखून दिलेला व्यायाम, तर दुसऱ्या गटाला आरोग्यविषयक माहितीपुस्तिका देण्यात आली. पाच वर्षांनंतर आजार न उलटता हयात असलेल्यांचे प्रमाण व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ७३.९ टक्के होते. आठ वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९०.३ आणि ८३.२ टक्के राहिले. एखाद्या नव्या औषधाने असा फरक दाखवला असता, तर त्याची किंमत आणि उपलब्धता यांवर संसदेत प्रश्न विचारले गेले असते.

या चाचणीचा अर्थ मर्यादेतच घ्यावा लागेल. सहभागी रुग्ण मुळात चालण्याची चाचणी पूर्ण करू शकणारे, तुलनेने धडधाकट होते. केंद्रे प्रामुख्याने कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील होती. रुग्ण मिळवण्यास २००९ पासून २०२४ पर्यंतचा काळ लागला. स्नायू व सांध्यांच्या तक्रारी व्यायामाच्या गटात १८.५ टक्के, म्हणजे दुसऱ्या गटातील ११.५ टक्क्यांहून अधिक होत्या. शिवाय मोठ्या आतड्याचा कर्करोग हा भारतातील सर्वाधिक आढळणारा कर्करोग नव्हे. या निष्कर्षावरून स्तनाच्या किंवा मुखाच्या कर्करोगाबद्दल तसाच दावा करणे घाईचे ठरेल. तरीही चाचणीतील एक तपशील भारतीय रुग्णालयांनी नोंद घ्यावा असा आहे. ज्या गटाला पुस्तिका मिळाली, तो मागे पडला. आपल्याकडे उपचार संपल्यावर रुग्णाच्या हाती, मिळालीच तर, व्यायामाची चित्रे असलेली एक घडीपत्रिका पडते. जिथे फरक पडला, तिथे तीन वर्षे कोणीतरी रुग्णाची विचारपूस करत होते.

देखरेखीचा आग्रह आणखी एका कारणासाठी आहे. कर्करोगाच्या रुग्णाचा व्यायाम हा गुडघेदुखीच्या व्यायामासारखा सरसकट देता येत नाही. हाडांत पसरलेला आजार असताना चुकीच्या दाबाने हाड मोडू शकते. रक्तातील प्लेटलेट फार कमी झालेल्या माणसाला जोराचा व्यायाम वर्ज्य असतो. सुजलेल्या हातावर जाणकाराशिवाय जोरकस मालिश केल्यास सूज वाढते आणि गल्लोगल्ली ‘मसाज’चे फलक लागलेल्या शहरांत हा धोका काल्पनिक नाही. त्यामुळे फिजिओथेरपिस्ट असणे पुरेसे नाही. कर्करोगाचे वेगळे प्रशिक्षण आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी थेट संपर्क या दोन्ही गोष्टी लागतात.

चंडीगडला हा विषय नवा वाटू नये. २०११ च्या विश्वचषकातील मालिकावीर युवराजसिंग याच शहरात जन्मला. त्याच्या छातीत दोन फुप्फुसांच्या मधोमध कर्करोगाची गाठ असल्याचे निदान झाले, २०१२ च्या आरंभी अमेरिकेत केमोथेरपीच्या तीन फेऱ्या झाल्या आणि ११ सप्टेंबर २०१२ रोजी चेन्नईत न्यूझीलंडविरुद्ध तो पुन्हा भारताकडून मैदानात उतरला. त्या सामन्यात त्याने ३४ धावा केल्या. ही कथा देशभर जिद्दीची कथा म्हणून सांगितली गेली आणि ती तशी आहेच. पण केमोथेरपी आणि चेन्नई यांच्या मधल्या महिन्यांत बंगळुरूची राष्ट्रीय क्रिकेट अकादमी होती, तेथील फिजिओ आणि प्रशिक्षक होते, हा भाग सहसा गाळला जातो. जिद्द सर्वसामान्य रुग्णाकडेही असते. अकादमी नसते.

खर्चाच्या बाजूकडे वळल्यास व्यवस्थेतील फट नेमकी दिसते. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत प्रधानमंत्री जनआरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण देते. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार यांचा तीत समावेश आहे आणि गरीब कुटुंबांना तिचा मोठा आधार मिळाला आहे. परंतु योजना रुग्णालयात दाखल होण्याभोवती रचलेली आहे. घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांचा पाठपुरावा तिच्यात धरला जातो. बाह्यरुग्ण विभागातील दीर्घकालीन सेवा धरली जात नाही. हाताची सूज दुसऱ्या वर्षी येते. दाब देणारी बाही काही हजार रुपयांना पडते, तिची लवचिकता कमी होत गेल्याने ती ठरावीक काळाने बदलावी लागते, आणि हा खर्च रुग्णाने करायचा असतो. खासगी फिजिओथेरपीचे शुल्क प्रत्येक बैठकीमागे द्यावे लागते. ज्या कुटुंबाने उपचारांत जमीन किंवा दागिना गहाण टाकला, त्याच्या दृष्टीने हा खर्च सर्वांत आधी टाळण्याजोगा ठरतो. सरकार लाखोंची शस्त्रक्रिया करून देते आणि त्या शस्त्रक्रियेनंतर माणूस कामावर परतेल की नाही, हे ठरवणारा तुलनेने स्वस्त भाग त्याच्यावर सोडते. हिशेबाच्या दृष्टीनेही हे तोट्याचे आहे.

मनुष्यबळाची चर्चा गेल्या वर्षी झाली, पण वेगळ्याच मुद्द्यावर. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा २०२१ मध्ये संमत झाला आणि भौतिकोपचाराला प्रथमच राष्ट्रीय पातळीवर वैधानिक चौकट मिळाली. त्या आयोगाचा नवा अभ्यासक्रम एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाला. फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉ.’ लावावे की नाही, यावरून वाद पेटला. ९ सप्टेंबर २०२५ रोजी आरोग्यसेवा महासंचालनालयाने ही उपाधी लावण्यास हरकत घेणारे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. दोन्ही बाजूंनी निवेदने निघाली, दूरचित्रवाणीवर चर्चा झडल्या. उपाधीचा प्रश्न क्षुल्लक नाही; व्यवसायाची प्रतिष्ठा आणि रुग्णाची दिशाभूल हे दोन्ही मुद्दे त्यात आहेत. मात्र जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्टची किती पदे असावीत आणि कर्करोगाच्या रुग्णाला त्यांच्याकडे कोणी पाठवावे, यावर त्या महिनाभरात क्वचितच कोणी बोलले.

वास्तविक काही पदांची तरतूद कागदावर आहेच. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून राबवला जात असून त्यात जिल्हा रुग्णालय पातळीवर भौतिकोपचाराची सोय अपेक्षित आहे. गुडघे, कंबर आणि पक्षाघात यांच्या रांगेत ही सोय संपून जाते, हेही खरे. आणखी एक साधन विदर्भातील आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हाताशी आहे आणि कर्करोगाच्या संदर्भात त्याचा विचार होत नाही. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली हे जिल्हे हत्तीरोगग्रस्त आहेत. हत्तीरोगातील सुजलेला पाय आणि कर्करोगानंतरचा सुजलेला हात यांची कारणे भिन्न असली, तरी दोहोंत लसिकेचा निचरा बिघडलेला असतो. हत्तीरोग निर्मूलन कार्यक्रमात रुग्णाला पाय धुण्याची, कोरडा ठेवण्याची, जखमा जपण्याची आणि व्यायामाची शिकवण दिली जाते, त्यासाठी साहित्याचा संच दिला जातो. गावपातळीवरील कर्मचाऱ्याला सुजलेल्या अवयवाची निगा ठाऊक आहे. त्याच कर्मचाऱ्याला सुजलेला हात ओळखून योग्य ठिकाणी पाठवण्यास शिकवणे हे फार मोठे काम नाही. कार्यक्रम वेगळे, निधी वेगळा, नोंदवही वेगळी, म्हणून ते होत नाही.

पाठपुराव्याचे उदाहरण देशातच आहे. बालपणी कर्करोगातून बरे झालेल्या मुलांसाठी टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९१ मध्ये उपचारोत्तर चिकित्सालय सुरू केले आणि उपचारांचे दूरगामी परिणाम तपासण्याची पद्धत घालून दिली. प्रौढ रुग्णांसाठी, विशेषतः जिल्हा पातळीवर, तशी व्यवस्था उभी राहिलेली नाही. केरळने २००८ च्या आपल्या उपशामक सेवा धोरणात स्थानिक स्वराज्य संस्थांना सामील करून परिचारिकेला रुग्णाच्या घरापर्यंत नेले. तेथील यश इतर राज्यांत जसेच्या तसे उतरेलच असे नाही. केरळच्या पंचायतींकडे असलेला निधी आणि स्वयंसेवकांची परंपरा सर्वत्र नाही. पण घराजवळची सेवा मोठ्या रुग्णालयातून चालवता येत नाही, हे त्या अनुभवातून दिसते.

चंडीगडमध्ये अंतर कमी आहे, हा या शहराचा मोठा फायदा आहे. पीजीआय, सेक्टर १६ चे शासकीय बहुविशेषोपचार रुग्णालय आणि सेक्टर २२, सेक्टर ४५ व मनीमाजरा येथील नागरी रुग्णालये एका लहानशा केंद्रशासित प्रदेशात आहेत. २०१३ पासून चंडीगड, मोहाली, संगरूर आणि मानसा येथे लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणीही सुरू झाली. चंडीगडमधील स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अग्रस्थानी असल्याचे तिच्या अहवालांतून दिसते. कोणत्या भागात किती रुग्ण आहेत, हे जिथे मोजले जाते, तिथे शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला त्याच्या सेक्टरजवळच्या नागरी रुग्णालयाकडे चिठ्ठीसह सोपवण्याची पद्धत प्रायोगिक पातळीवर राबवणे देशातील बहुतेक जिल्ह्यांपेक्षा सोपे आहे. दोन्ही हातांचा घेर साध्या मोजपट्टीने दर तीन महिन्यांनी मोजायचा. दोन सेंटिमीटर वा अधिक फरक दिसला, तर प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडे पाठवायचे. तोंडाच्या रुग्णाचे दातांमधील अंतर मिलिमीटरमध्ये नोंदवायचे. यासाठी नवी इमारत लागत नाही.

जिल्हा डे-केअर केंद्रांची रचना निश्चित होत असताना नेमके हेच ठरायचे आहे. केमोथेरपीची खुर्ची, औषधांचा साठा, प्रशिक्षित परिचारिका यांची तरतूद होईल. ती व्हायलाच हवी. रुग्ण त्या खुर्चीवर अनेकदा काही तास बसलेला असतो आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतो. भौतिकोपचारासाठी वेगळा दिवस, वेगळी फेरी, वेगळी मजुरी बुडवण्याऐवजी त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्धा तास मिळाला, तर प्रवासाची अडचण बरीच सुटते. त्यासाठी प्रत्येक केंद्रात, पूर्णवेळ शक्य नसल्यास आठवड्यातून दोन दिवस, कर्करोगाचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टची उपस्थिती केंद्राच्या मंजूर पदांमध्येच धरावी लागेल आणि दाब देणारी बाही व पट्ट्या यांचा समावेश औषधांच्या यादीसोबत करावा लागेल. घोषणेतील तीन वर्षांची मुदत २०२७-२८ मध्ये संपते. एकदा पदरचना मंजूर झाली, की तीत नवे पद घालण्यासाठी राज्यांच्या वित्त विभागांकडून किती वर्षे लागतात, हे कोणत्याही जिल्हा शल्यचिकित्सकाला विचारावे.